चौथ्या फेरीचा हिशेब: इंडी ५०० ची पात्रता कशी पाहावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही शिक्षणासाठी इंडियानात आलेले आहात आणि मे महिन्यात इंडियानापोलिसला इंडी ५०० या मोटार शर्यतीची पात्रता, म्हणजे शर्यतीत कोण कितव्या जागेवरून निघणार हे ठरवणाऱ्या धावा, पाहायला जाण्याचा विचार करत आहात. परंतु तिथे गाडी ट्रॅकवर एकटीच धावते, चालक अॅक्सिलरेटरच्या पेडलवरचा पाय उचलतच नाही असे सगळे सांगतात, आणि ५०० मैलांच्या शर्यतीत पहिल्या जागेवरून निघाल्याने फारसे काही साधत नाही असेही तुम्ही वाचले आहे. मग लोक एवढ्या उत्कंठेने वाट कशाची पाहतात, आणि सगळेच पाय पूर्ण दाबून धावत असतील तर एक गाडी दुसरीपेक्षा वेगवान ठरते कशी? ओव्हल ट्रॅकवरच्या गाड्यांची जुळणी करण्याचे आणि त्यांचा डेटा तपासण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सविस्तर उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

हे दोन प्रश्न वाटत असले तरी मुळात एकच आहे. सगळ्यांचा पाय दाबलेला असतो हे खरे, पण अर्धेच खरे. चौथ्या फेरीच्या शेवटच्या वळणापर्यंत पाय दाबून ठेवता येईल इतपतच पकड गाडीत ठेवायची आणि त्याहून जास्त असलेली सगळी पकड वेगासाठी सोडून द्यायची, हे ज्या संघाला अचूक जमते तो पुढे जातो. हा निर्णय गाडी पिटमधून, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या जागेतून, बाहेर पडण्यापूर्वी घ्यावा लागतो, आणि ज्या हवेत तो खरा किंवा खोटा ठरणार ती हवा अजून यायची असते. उत्कंठा त्याची आहे.

आधी ट्रॅक समजून घ्या. हा अडीच मैलांचा ट्रॅक लंबवर्तुळापेक्षा कोपरे गोलावलेल्या आयतासारखा आहे. दोन लांब सरळ रस्ते प्रत्येकी पाच अष्टमांश मैलाचे, दोन आखूड जोडरस्ते प्रत्येकी एक अष्टमांश मैलाचे, आणि चार वळणे प्रत्येकी पाव मैलाची. वळणांचा उतार सुमारे ९ अंशांचा, म्हणजे फार कमी आहे. डेटोनासारख्या ट्रॅकवर ३१ अंशांचा उतारच गाडीला धरून ठेवतो. इथे तो आधार नाही. इथे गाडीला वळणात धरून ठेवतात ते टायर आणि गाडीला खाली दाबणारी हवा. १९०९ साली बांधलेल्या या ट्रॅकची चारही वळणे कागदावर सारखी आहेत, पण चालकाला विचाराल तर तो चारही वेगळी असल्याचे सांगेल, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा वारा असतो. त्याकडे पुढे येतोच.

पात्रतेत एका फेरीचा वेग मोजला जात नाही. सलग चार फेऱ्यांची, म्हणजे दहा मैलांची, सरासरी मोजली जाते. १९३३ ते १९३८ ही वर्षे सोडली तर १९२० पासून ही पद्धत चालत आलेली आहे आणि माझ्या मते या ट्रॅकचा सगळा स्वभाव तिच्यात सामावलेला आहे. एक फेरी धाडसावर काढता येते; चार फेऱ्या काढता येत नाहीत. २०२३ साली अलेक्स पालोने ताशी २३४.२१७ मैलांच्या, म्हणजे ताशी सुमारे ३७७ किलोमीटरच्या, सरासरीने पहिली जागा मिळवली. दुसऱ्या आलेल्या रिनस व्हीकेची सरासरी होती २३४.२११. हिशेब करून पाहा: दहा मैलांना दोघांनाही १५३ सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला आणि दोघांमधले अंतर ०.००४ सेकंदाचे होते. सोळा किलोमीटर धावल्यानंतर एक गाडी दुसरीच्या हातभरही पुढे नव्हती.

आता पकड सोडून द्यायची म्हणजे काय, ते सांगतो. पुढचा आणि मागचा पंख गाडीला खाली दाबतात, त्यामुळे वळणात टायर रस्ता धरून राहतात. पण तेच पंख सरळ रस्त्यावर हवेला अडवून वेग खातात. पात्रतेसाठी मागच्या पंखाचा कोन इतका कमी करतात की तो शून्याच्याही खाली जातो. पंखाचा कोन कमी केला की सरळ रस्त्यावर वेग वाढतो, म्हणजे गाडी वळणात अधिक वेगाने शिरते, आणि तिथे तिला धरून ठेवणारा दाब मात्र कमी झालेला असतो. पहिल्या फेरीत नव्या टायरवर हे खपून जाते. वळणागणिक टायर तापतो, झिजतो, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीत गाडी सरकू लागते. गाडी सरकते तेव्हा टायर घासतो, आणि घासणे म्हणजे वेग गमावणे. चालकाने पाय उचलला नाही तरी गाडी मंदावते ती अशी. म्हणूनच दोन्ही गाड्यांचे पेडल पूर्ण दाबलेले असूनही एकीची चौथी फेरी पहिलीपेक्षा किंचितच कमी येते आणि दुसरीची ताशी दीड-दोन मैलांनी घसरते. फलकावर चार आकडे एकाखाली एक येतील, तेव्हा पहिल्या आकड्याने हुरळून जाऊ नका. पहिल्यातून चौथा वजा करा. जुळणी करणारी माणसे सर्वांत आधी तेच करतात.

चालक या दोन-अडीच मिनिटांत नुसता बसून असतो, हा समजही सोडून द्या. गाडीचे वजन कोणत्या चाकावर किती पडावे, हे बदलणारी एक हायड्रॉलिक योजना त्याच्या हाताशी असते. तिला आम्ही वेट जॅकर म्हणतो. गाडीचे कलणे रोखणारे दांडे, म्हणजे पुढचे आणि मागचे अँटी-रोल बारही त्याला आतून बदलता येतात. टायर झिजताना गाडीचे नाक बाहेर सरकू लागले किंवा मागचा भाग सुटू लागला, तर पुढच्या वळणाआधी त्याला ते ओळखून दुरुस्त करावे लागते. एका फेरीला ३९ सेकंदही लागत नाहीत आणि त्यात चार वळणे असतात, म्हणजे विचार करायला त्याला श्वासभराचाच वेळ मिळतो. डेटामध्ये स्टिअरिंगची रेषा पाहिली की चांगल्या धावेत पहिल्या आणि चौथ्या फेरीच्या रेषा जवळजवळ एकमेकींवर बसतात. बिघडत चाललेल्या धावेत तिसऱ्या फेरीपासून त्या रेषेला बारीक दाते येऊ लागतात. ती चालकाच्या मनगटाची धडपड असते.

आता वारा. गाड्या डावीकडे वळत धावतात. मुख्य सरळ रस्ता पश्चिमेकडे असून तिथे गाड्या उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात आणि पहिल्या वळणात शिरतात. मागचा सरळ रस्ता पूर्वेला. तिथे त्या दक्षिणेकडून उत्तरेकडे जाऊन तिसऱ्या वळणात शिरतात. समजा वारा दक्षिणेकडून वाहतो आहे. पहिल्या वळणात शिरताना तो समोरून येतो, पंखांवरचा हवेचा झोत वाढतो आणि गाडी रस्त्याला चिकटते. चालकाला तिथे आत्मविश्वास वाटतो. तिसऱ्या वळणात शिरताना तोच वारा पाठीमागून येतो. गाडी जमिनीच्या मानाने अधिक वेगाने आलेली असते, पण तिच्या पंखांना मिळणारी हवा कमी झालेली असते. वेग जास्त आणि दाब कमी, असा दोन्हीकडून फटका बसतो. वारा उलट फिरला तर हीच अडचण पहिल्या वळणात येऊन बसते. शिवाय पाठीमागून वारा असला की इंजिनाचे फेरे कमाल मर्यादेला टेकतात आणि समोरून असला की ते त्या पट्ट्यात पोचतच नाहीत, म्हणून गिअरची निवडसुद्धा वाऱ्याकडे पाहून करावी लागते. पात्रतेच्या सकाळी रांगेतले इंजिनिअर आकडे पाहण्याआधी मान वर करून ट्रॅकवरचे झेंडे पाहतात, ते याचसाठी.

तापमानाचाही हिशेब असतो. थंड हवा दाट असते. ती पंखांना जास्त दाब देते आणि थंड डांबर टायरला चांगले धरते. ऊन चढले की डांबर तापते आणि गाडी निसटू लागते. त्यामुळे कोणाची पाळी कधी येते, याला फार महत्त्व आहे, आणि ती पाळी सोडतीने ठरते. सकाळची पाळी मिळाली तर संघाचे चेहरे खुलतात. दुपारची मिळाली तर ढगांची वाट पाहणे आले. एकच मोठा ढग सूर्यावर आला तरी डांबर काही अंशांनी उतरते आणि रांगेत एकदम हालचाल सुरू होते. हे दृश्य पाहण्यासारखे असते.

माझ्या स्वतःच्या अनुभवातली एक धाव सांगतो, म्हणजे हे सगळे एका ठिकाणी दिसेल. एका वर्षी पात्रतेच्या पहिल्या दिवशी, शनिवारी, आमची पाळी दुपारी होती. रांगेत गाडीवर सावली धरलेली, इंजिन आणि रेडिएटरमध्ये यंत्राने थंड हवा सोडलेली, टायर झाकून ठेवलेले. रविवारी पुन्हा धावायला मिळणाऱ्या पहिल्या बारांत येण्यासाठी किती सरासरी लागेल याचा अंदाज आम्ही बांधला होता आणि आमची गाडी त्या अंदाजाच्या किंचित खाली बसत होती. मागच्या पंखाचा कोन आणखी थोडा कमी करावा, असे मी सुचवले. चालकाने विचारले, "वारा तसाच राहील?" मी वीस मिनिटांचे आकडे पाहिले होते, वारा स्थिर होता. मी होकार दिला. पहिल्या तीन फेऱ्या आम्हाला हव्या होत्या तशाच आल्या. चौथ्या फेरीत मागच्या सरळ रस्त्यावर असताना पाठीमागून वाऱ्याचा एक झोत आला आणि तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी गाडीचा मागचा भाग सुटला. पडद्यावर पेडलची रेषा शंभरावरून सत्तरच्या आसपास उतरली आणि अर्ध्या सेकंदाच्या आत पुन्हा शंभरावर गेली. तेवढ्यात गमावलेला वेग जोडरस्ता, चौथे वळण आणि मुख्य सरळ रस्ता ओलांडेपर्यंत भरून आला नाही. चौथ्या फेरीचा वेग पडला, सरासरी घसरली, आणि आमची जागा पहिल्या बारांतून बाहेर गेली. चालकाचा पाय उचलण्याचा निर्णय पूर्णपणे बरोबर होता. तो न उचलता तर गाडी भिंतीला लागली असती. चूक माझ्या होकारात होती. वाऱ्याची सरासरी मी पाहिली होती, त्याचे झोत पाहिले नव्हते. तेव्हापासून मी वाऱ्याच्या सरासरीइतकेच लक्ष त्याच्या चढउतारावर ठेवतो.

सरावाच्या आठवड्याबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे, कारण नवे प्रेक्षक तिथे हमखास फसतात. सरावात गाड्या एकमेकींच्या मागे धावतात. पुढच्या गाडीने हवा कापलेली असते, त्यामुळे मागच्या गाडीला अडथळा कमी होतो आणि तिचा वेग ताशी काही मैलांनी वाढतो. या ओढीला सगळे ‘टो’ म्हणतात. दिवसाच्या यादीत पहिला आलेला चालक अनेकदा फक्त योग्य वेळी योग्य गाडीच्या मागे सापडलेला असतो. पात्रतेत पुढे कोणी नसते, म्हणून टोशिवाय काढलेल्या वेगांची यादी वेगळी ठेवतात. तुम्ही तीच पाहा. पात्रतेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ‘फास्ट फ्रायडे’ला, इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब १.३ बारवरून १.५ बारपर्यंत वाढवायला परवानगी मिळते. इंजिन तेच, २.२ लिटरचे व्ही-६, पण ताकद शंभराच्या आसपास अश्वशक्तीने वाढते. आठवडाभर जी गाडी शांत वाटत होती ती वळणात अधिक वेगाने शिरू लागते आणि तिचे खरे दोष त्या दिवशी बाहेर येतात. शुक्रवारच्या टोशिवायच्या यादीवरून रविवारी पहिल्या जागेसाठी झुंजणाऱ्या सहांचा अंदाज बराचसा बांधता येतो; हवा फिरली तर मात्र तो मोडतो.

पुष्कळसा वेग तर ट्रॅकवर यायच्या आधीच ठरलेला असतो. सगळ्यांची चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, डलाराची, टायर फायरस्टोनचे, इंजिन होंडाचे नाही तर शेव्हरलेचे. मग उरते काय? घर्षण आणि सांधे. चाकांच्या बेअरिंगपासून गिअरबॉक्सच्या सीलपर्यंत प्रत्येक फिरणारा भाग हिवाळाभर निवडला जातो. गाडी जॅकवर असताना जुना मेकॅनिक चाकाला हाताने एक झटका देतो आणि ते किती वेळ फिरत राहते, ते काही न बोलता पाहत उभा राहतो. बॉडीच्या दोन भागांमधल्या फटीवरून बोट फिरवले तर काहीही लागता कामा नये. या बारकाव्यांतला एकेक बारकावा मोजता येण्याइतका नसतो, पण सगळे मिळून ताशी अर्धा मैल होतो, आणि अर्धा मैल म्हणजे इथे शर्यतीच्या सुरुवातीच्या क्रमातल्या दोन-तीन रांगा.

पहिल्या जागेचा उपयोग काय, हा तुमचा मुद्दा रास्त आहे. २००९ मध्ये एलियो कास्त्रोनेव्हेस पहिल्या जागेवरून निघून जिंकला, आणि त्यानंतर तसे घडायला २०१९ उजाडावे लागले. तेव्हा सिमों पाजेनो जिंकला. पुढे २०२५ पर्यंत तसे पुन्हा घडलेले नाही. २०२३ चा विजेता जोसेफ न्यूगार्डन तर सतराव्या जागेवरून निघाला होता. स्कॉट डिक्सनने पाच वेळा पहिली जागा मिळवली आणि शर्यत एकदाच, २००८ साली, जिंकली. २०२२ साली त्याने सर्वाधिक फेऱ्यांमध्ये आघाडी घेतली होती, पण अखेरच्या टप्प्यात पिटमधली वेगमर्यादा ओलांडल्याच्या दंडाने सगळे गेले. १९९२ मध्ये रॉबर्टो गुरेरो २३२.४८२ च्या सरासरीने पहिला आला आणि शर्यत सुरू होण्यापूर्वीच्या फेरीत, गार हवेत टायर गरम करताना, गाडी फिरून बाहेर गेला. तेव्हा पहिल्या जागेने शर्यत मिळत नाही, हे मान्य. परंतु पुढून निघणाऱ्याला स्वच्छ हवा मिळते, सुरुवातीच्या गर्दीतले अपघात मागे राहतात, आणि मुख्य म्हणजे वर्षभर केलेल्या कामाचे मोजमाप होते. शर्यतीत नशीब, इंधन, अपघातानंतर सगळ्यांना मंदावणारा पिवळा झेंडा या सगळ्यांचा वाटा असतो. पात्रतेत गाडी, चालक आणि हवा यांच्यापलीकडे कोणी नसते. आमच्यासारख्या माणसांना म्हणूनच ती शर्यतीइतकीच प्रिय असते.

आणि उत्कंठेचा दुसरा भाग यादीच्या तळाशी असतो. शर्यतीत ३३ गाड्या. हा आकडा आला तो शंभर वर्षांपूर्वीच्या हिशेबातून: प्रत्येक गाडीला ४०० फूट जागा धरली तर अडीच मैलांत बरोबर ३३ बसतात. प्रवेशिका ३४ किंवा अधिक आल्या की कोणीतरी घरी जातो, आणि जाणारा नेहमी दुबळाच असतो असे नाही. १९९४ मध्ये अल अन्सर ज्युनिअर पेन्स्के संघाच्या गाडीतून पहिल्या जागेवरून निघून जिंकला. पुढच्या वर्षी तो आणि दोन वेळचा विजेता एमरसन फिटिपाल्डी, संघाचे दोन्ही चालक, पात्रच ठरले नाहीत. २०१९ मध्ये दोन वेळच्या फॉर्म्युला वन विश्वविजेत्या फर्नांडो अलोन्सोला लहानशा हुंकोस संघाच्या काइल कायझरने ताशी ०.०१९ मैलाने बाहेर काढले. दहा मैलांवर ते अंतर दीड मीटरही भरत नाही. २०२३ मध्ये जॅक हार्वीने वेळ संपता संपता आपल्याच संघातल्या ग्रॅहॅम रेहालला ताशी ०.००७ मैलाने बाहेर काढले. त्यातला करुण भाग असा की रेहालचे वडील बॉबी रेहाल या संघाचे एक मालक, आणि १९९३ साली तेही असेच बाहेर राहिले होते. पुढे एक चालक सरावात जखमी झाल्यामुळे ग्रॅहॅमला दुसऱ्या संघाच्या गाडीतून शेवटच्या जागेवरून निघता आले, ही गोष्ट वेगळी. पण त्या रविवारी संध्याकाळी पिटमध्ये जी शांतता होती, ती जिंकणाऱ्यांच्या जल्लोषापेक्षा जास्त लक्षात राहते.

तुम्ही कोणत्या दिवशी जावे, हे प्रवेशिकांच्या संख्येवर अवलंबून आहे. अलीकडच्या वर्षांतली, २०२५ पर्यंतची पद्धत अशी: शनिवारी सगळ्या गाड्या धावतात, तेराव्यापासून तिसाव्यापर्यंतच्या जागा त्याच दिवशी पक्क्या होतात, आणि रविवारी पहिले बारा पुन्हा धावून त्यांतून सहा, सहांतून पहिला निवडला जातो, शेवटच्या तीन जागांसाठीची झुंजही रविवारीच होते. तपशील बदलू शकतात, म्हणून जाण्याआधी त्या वर्षीचे वेळापत्रक पाहून घ्या. प्रवेशिका ३३ हून अधिक असतील तर रविवार गाठा. नेमक्या ३३ असतील तर मी शनिवार निवडेन, कारण दिवसभर बदलणारी हवा आणि तिच्यामागे धावणारे संघ शनिवारीच दिसतात. शनिवारी पिटमध्ये दोन रांगा असतात: पहिल्या रांगेतून लवकर पाळी मिळते, पण त्यासाठी आधी मिळवलेला वेग सोडून द्यावा लागतो, दुसऱ्या रांगेत तो हाती राहतो, पण पहिली रांग रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. दुपारी साडेचारनंतर, सावल्या लांबल्या आणि डांबर थंड होऊ लागले की कोणता संघ कोणत्या रांगेत उभा राहतो, इकडे लक्ष ठेवा. हाती असलेली पंधरावी जागा सोडून अकराव्यासाठी जायचे की नाही, याचा निर्णय तिथे तुमच्या डोळ्यांदेखत होत असतो.

बसायला पहिल्या वळणाजवळची जागा घ्या, आणि शक्य असेल तर संघांचे रेडिओ ऐकण्यासाठी स्कॅनर भाड्याने घ्या. गाडी मुख्य रस्त्यावरून येताना तिच्या इंजिनाचा सूर कानात ठेवा. वळणात शिरताना तो सूर एकसारखा राहिला तर पाय दाबलेला आहे. क्षणभर जरी उतरला तरी उचलला गेला आहे, आणि फलकावर आकडा येण्याआधी ते तुम्हाला कळलेले असेल. पहिल्या फेरीत गाडी वळणाच्या आतल्या कडेच्या पांढऱ्या रेषेपासून किती अंतरावरून वळते, ते मनात धरा आणि चौथ्या फेरीत तीच गाडी वळणातून बाहेर पडताना भिंतीकडे किती सरकली आहे, ते पाहा. पाचसहा गाड्या अशा पाहिल्यात की सातवीची चौथी फेरी कशी येणार, हे तुम्ही तिसऱ्याच फेरीत सांगू लागाल.